आयसीयूमधून भूलशास्त्राकडे : अमेरिकेत सीआरएनए व्हायचे असेल तर

अतिदक्षता

सर्वांना नमस्कार. मी अमेरिकेत ३ वर्षांपासून परिचारिका म्हणून काम करते आहे. पहिली २ वर्षे सर्वसाधारण वॉर्डात गेली आणि गेले वर्षभर मी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या आयसीयूमध्ये आहे. ओटीतून, म्हणजे शस्त्रक्रियागृहातून, रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा पलंगाच्या डोक्याशी चालत येणारी व्यक्ती अनेकदा सीआरएनए, म्हणजे भूलशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका असते. रक्तदाब कधी पडला, कोणत्या औषधाने सावरला, रक्त किती गेले आणि पुढच्या तासाभरात कशाची भीती आहे, हे रुग्ण आमच्या ताब्यात देताना ती ज्या नेमकेपणाने सांगते, ते ऐकले की दर वेळी मला वाटते, हे काम आपल्याला यायला हवे.

अर्ज करण्यासाठी आयसीयूचा एका वर्षाचा अनुभव पुरतो असे मी वाचले आहे आणि माझे ते वर्ष पुढच्या महिन्यात पूर्ण होते. मी लगेच अर्ज करावा का? आता डॉक्टरेट सक्तीची झाली आहे म्हणतात, ते खरे आहे का? माझी मुलगी ६ वर्षांची आहे आणि घरी दोघांच्या पगारावर संसार चालतो, त्यामुळे शिकत असताना नोकरी करता येते का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

शिरोभागी

ताई, मी १४ वर्षे सीआरएनए म्हणून काम करते आहे. आधी नियम सांगते आणि मग माझे मत सांगते, कारण या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे.

प्रवेशासाठी नर्सिंगची किंवा मान्य विषयातील पदवी, अमेरिकेतील वैध आरएन (नोंदणीकृत परिचारिका) परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान १ वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. डॉक्टरेटबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. १ जानेवारी २०२२ पासून या शिक्षणात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा लागतो आणि पदवी डीएनपी (परिचर्येतील डॉक्टरेट) किंवा डीएनएपी (भूल-परिचर्येतील डॉक्टरेट) या नावाने मिळते. अभ्यासक्रम किमान ३६ महिन्यांचा असतो. त्या काळात किमान ६०० रुग्णांना भूल द्यावी लागते आणि किमान २,००० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावे लागतात. चांगल्या संस्थांत हे दोन्ही आकडे सहज ओलांडले जातात. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा असते. ती संगणकावर होते, आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती कठीण द्यायचा ते ठरत जाते आणि एकूण प्रश्न १०० ते १७० यांच्या दरम्यान येतात. ती उत्तीर्ण झाल्यावरच नावापुढे सीआरएनए लावता येते.

आता मत. एक वर्ष पुरते, पण ते अर्ज स्वीकारला जाण्यापुरते. तुम्ही आणखी एक वर्ष, शक्यतो दीड वर्ष, याच आयसीयूमध्ये थांबावे असे मला मनापासून वाटते. अभ्यासक्रमाला ज्या अतिदक्षता विभागाचा अनुभव अपेक्षित असतो, त्यात व्हेंटिलेटर, धमनीत घातलेल्या नळीवरून मोजला जाणारा रक्तदाब आणि रक्तदाब सावरणाऱ्या औषधांचे सतत चालू असलेले पंप या गोष्टी रोजच्या असाव्या लागतात. हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत तुम्हाला हे सगळे एका छताखाली मिळते आहे, आणि विद्यार्थिनी झाल्यावर ते इतक्या सावकाश पाहायला पुन्हा मिळणार नाही.

मी हे का म्हणते, ते एका प्रसंगावरून सांगते. रक्तदाब अचानक ७० पर्यंत घसरला असे समजा. रक्त कमी पडले असेल, भुलेच्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडल्या असतील, हृदयाचाच जोर कमी झाला असेल, किंवा टेबल खाली घेताना रक्तदाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीच्या वर राहून गेला असेल आणि रुग्णाला मुळात काहीच झाले नसेल. आयसीयूमध्ये तुम्ही हा आकडा पाहता, तर्क करता, डॉक्टरांना फोन करता, आदेश येतो आणि मग पंप वाढवता. ओटीत हा मधला फोन नसतो. आपणच ठरवायचे, आपणच औषध भरायचे, आपणच टोचायचे आणि पुढच्या मिनिटाला त्याचा परिणाम आपल्याच डोळ्यांसमोर पडद्यावर उमटतो. या पेशातला सगळ्यात मोठा बदल मला हाच वाटतो. श्वासनलिकेत नळी टाकायला आणि मणक्यात सुई घालायला हात शिकतात. पण औषध ज्या हाताने दिले त्याच हाताला त्याचे उत्तरही द्यावे लागते, ही सवय मनाला लागायला आयसीयूतली वर्षे लागतात.

तोवर एक गोष्ट करा. फोन करण्याआधी स्वतःचा निर्णय मनात पक्का करा, डॉक्टर काय सांगतात ते ऐका आणि दोन्ही का जुळले किंवा का जुळले नाहीत ते घरी जाऊन वाचा. वर्षभर हे केलेत तर मुलाखतीची निराळी तयारी फारशी करावी लागणार नाही.

द्वितीय वर्ष

मी सध्या दुसऱ्या वर्षात आहे. शिरोभागी ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे, कारण मी नेमक्या एका वर्षाच्या अनुभवावर आले आणि पहिले सत्र मला फार जड गेले.

ओटीतील माझ्या पहिल्याच महिन्यातला प्रसंग सांगते. रुग्ण धडधाकट तरुण होता आणि शस्त्रक्रिया छोटी होती. मास्क लावून ३ मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला, झोप आणणारे प्रोपोफॉल दिले, स्नायू सैल करणारे औषध दिले. डाव्या हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहण्याचे उपकरण, धरून मी जीभ बाजूला सारली, स्वरतंतू दिसले असे मला वाटले आणि मी नळी आत सरकवली. फुगा भरला, पिशवी दाबली. माझ्या शिक्षिकेने ना रुग्णाकडे पाहिले, ना माझ्याकडे. त्यांची नजर कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर होती आणि तिथे एकामागून एक चौकोनी लाटा दिसायला हव्यात त्या जागी सपाट रेघ होती. सॅचुरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची पातळी, अजूनही १०० दाखवत होते आणि मी त्याच आकड्याला धरून बसले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "नळी काढ, मास्क दे." मी नळी काढली, मास्कने श्वास दिले, लाटा उमटल्या आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी स्वतः नळी टाकली. नळी अन्ननलिकेत गेली होती. रुग्णाला काहीही इजा झाली नाही.

त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडून बसले तेव्हा अनेकदा वाचलेली गोष्ट पहिल्यांदा समजली. आधी दिलेल्या ऑक्सिजनमुळे फुफ्फुसांतल्या नायट्रोजनची जागा ऑक्सिजन घेतो आणि हा साठा निरोगी प्रौढाला श्वास बंद असतानाही ८ मिनिटांच्या आसपास पुरू शकतो. स्थूल व्यक्ती आणि गर्भवती यांना तो फार कमी वेळ पुरतो. म्हणजे सॅचुरेशन घसरू लागते तेव्हा ती बातमी आधीच शिळी झालेली असते. स्वरतंतू "दिसले असे वाटले" आणि "दिसले" यांतील फरक मी त्या दिवसापासून स्वतःला दर वेळी विचारते.

अतिदक्षता ताईंनी नोकरीबद्दल विचारले आहे. प्रामाणिक उत्तर असे की नोकरी करता येत नाही. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि भुलेच्या यंत्राचे भौतिकशास्त्र यांतच दिवस बुडतो. पुढे रुग्णालयात पहाटे साडेपाचला पोहोचून यंत्र तपासावे लागते, औषधे भरून ठेवावी लागतात, आणि घरी आल्यावर उद्याच्या रुग्णांची तयारी करावी लागते. बहुतेक संस्था या काळात नोकरी करू नका असे स्पष्ट बजावतात. शुल्क अनेक ठिकाणी १ लाख डॉलरच्या पुढे जाते आणि ३ वर्षांचा बुडालेला पगार त्यात धरलेला नसतो. शिवाय २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केले आहे, त्यामुळे आमच्या तुकडीने जसे पैसे उभे केले तसे तुम्हाला उभे करता येतीलच असे धरून चालू नका. अर्ज करण्याआधी घरच्यांसोबत कागद-पेन घेऊन बसा. आम्ही नवरा-बायको ४ रविवार बसलो होतो आणि त्या ४ रविवारांनी आम्हाला पुढे बऱ्याच भांडणांतून वाचवले.

जुना भूलतज्ज्ञ

मी भारतात ३० वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले आहे. धागा आवडीने वाचला. येथे येणाऱ्या वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

भारतात परिचारिकेला स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार नाही. येथे भूल देणारी व्यक्ती एमबीबीएसनंतर ३ वर्षांचे एमडी किंवा २ वर्षांचा डिप्लोमा केलेली डॉक्टर असते. बारावीनंतर बीएस्सी अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी नावाचा अभ्यासक्रम आहे. तो चांगला आहे आणि त्यातून उत्तम तंत्रज्ञ तयार होतात. भुलेचे यंत्र सज्ज ठेवणे, कठीण श्वासमार्गाची गाडी नीट लावून ठेवणे, ऐन वेळी योग्य वस्तू योग्य क्षणी हातात देणे हे त्यांचे काम असते आणि माझी अनेक अवघड प्रकरणे त्यांच्यामुळेच सुखरूप पार पडली. मात्र काही जाहिराती पालकांना "भूलतज्ज्ञ होण्याचा सोपा मार्ग" असे भासवतात, हे चुकीचे आहे. त्या पदवीने भूल देण्याचा अधिकार मिळत नाही आणि ती पदवी म्हणजे सीआरएनएही नव्हे.

दुसरी गोष्ट मतभेदाची आहे आणि ती मी आदर राखून मांडतो. भुलेचे औषध देणे हा आमच्या कामाचा एक भाग झाला. ज्याच्या हृदयाची झडप अरुंद आहे, मूत्रपिंडे अर्धी निकामी आहेत आणि ज्याला रात्री २ वाजता आतडे फाटले म्हणून आणले आहे, अशा रुग्णाचा विचार करताना संपूर्ण वैद्यकशास्त्राचे शिक्षण उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. त्यामुळे डॉक्टर आणि परिचारिका यांनी एकत्र काम करण्याची पद्धत मला अधिक योग्य वाटते.

शिरोभागी

डॉक्टर, तुमचा पहिला मुद्दा फार मोलाचा आहे आणि तो या धाग्यात हवाच होता. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मी माझी बाजू मांडते.

अमेरिकेत परिचारिकांनी भूल देणे ही अलीकडे काढलेली स्वस्तातली सोय नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात शल्यविशारदांना असे कोणी तरी हवे होते, ज्याचे लक्ष शस्त्रक्रियेकडे न जाता केवळ रुग्णाकडे राहील. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे शल्यविशारद मेयो बंधूंसोबत काम करणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून अधिक भुलींचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यांत भुलेमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. तेव्हा ना सॅचुरेशनचे यंत्र होते, ना कार्बन डायऑक्साइडचा आलेख. चेहऱ्यावरच्या मास्कवर इथरचे थेंब सोडायचे, श्वास ऐकायचा, बुबुळे पाहायची आणि रुग्णाशी बोलत राहायचे, इतकीच साधने होती. आजही रुग्णाला झोपवताना माझा आवाज खाली येतो आणि मी सावकाश बोलू लागते, तेव्हा मला अनेकदा त्यांची आठवण येते.

हा अधिकार न्यायालयांतही तपासला गेला आहे. कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन या परिचारिकेविरुद्ध डॉक्टरांनी दावा लावला होता. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली भूल देणे म्हणजे विनापरवाना वैद्यकीय व्यवसाय करणे नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये दिला. देशभरातील भूल परिचारिकांची संघटना त्याआधीच, १९३१ मध्ये, अगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती.

तरीही तुम्ही म्हणता तशी एकत्र काम करण्याची पद्धत इथे बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहेच. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमांनुसार एक भूलतज्ज्ञ एका वेळी जास्तीत जास्त ४ ठिकाणी भुलेचे वैद्यकीय निर्देशन करू शकतो. मी पहिली ६ वर्षे अशीच काम करत होते आणि त्या डॉक्टरांकडून जे शिकले त्याचे ऋण मी मानते. मात्र २००१ पासून राज्यांना, सीआरएनएवर डॉक्टरांची देखरेख हवी या मेडिकेअरच्या अटीतून बाहेर पडण्याची मुभा मिळाली. आयोवा हे पहिले राज्य त्याच वर्षी बाहेर पडले आणि नंतर बरीच राज्ये पडली. लहान गावांतील अनेक रुग्णालयांत भूल देणारी व्यक्ती म्हणजे केवळ सीआरएनएच असते. तिथे प्रसूतीचे सिझेरियन रात्री ३ वाजता करायचे असेल तर प्रश्न डॉक्टर की परिचारिका असा नसतो. त्या बाईला भूल मिळणार की तिला ताशी १०० किलोमीटर वेगाने दुसऱ्या शहरात न्यावे लागणार, एवढाच असतो.

अवघड रुग्णाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. मदत वेळेवर मागता येणे हे कौशल्यच आहे, आणि जिला ते येत नाही तिने एकटीने काम करू नये.

जीएनएम

मी भारतात जीएनएम करून एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये ४ वर्षे काम केले आहे. मला थेट या अभ्यासक्रमाला अर्ज करता येईल का?

शिरोभागी

थेट करता येणार नाही, आणि तुमची फसवणूक होऊ नये म्हणून हे स्पष्टच लिहिते. जीएनएम हा डिप्लोमा आहे, त्यामुळे आधी २ वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करून पदवी घ्यावी लागेल. मग गुणपत्रिकांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा आणि एनसीएलईएक्स-आरएन, म्हणजे आरएन परवान्याची परीक्षा. त्यानंतर नोकरी देणारे रुग्णालय आणि स्थलांतराचा व्हिसा. भारतात जन्मलेल्यांसाठी या व्हिसाची रांग अनेक वर्षांची आहे आणि या मार्गातला सगळ्यात लांब टप्पा अभ्यासाचा नसून तोच आहे. इथे आल्यावर अतिदक्षतेचा अनुभव पुन्हा घ्यावा लागेल असेच धरून चाला, कारण संस्था अमेरिकेतील आयसीयूचा अनुभव मागतात. तुमची ४ वर्षे अर्थातच वाया जात नाहीत, ती तुमच्या हातात राहतात. पण कागदावर ती मोजली जातील या आश्वासनावर कोणत्याही एजंटाला पैसे देऊ नका.

फ्रान्स आणि स्वीडनसारख्या देशांतही भूल परिचारिका आहेत. फ्रान्समध्ये त्यांचे पूर्णवेळ शिक्षण २ वर्षांचे असते. मात्र तिथे सगळे स्थानिक भाषेत होते, कारण झोपेतून अर्धवट जागा झालेला रुग्ण त्याच्या मातृभाषेतच बोलतो.

अतिदक्षता

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात मी परवानगी घेऊन एक पूर्ण दिवस आमच्याच रुग्णालयातील एका सीआरएनएसोबत ओटीत काढला.

एक दृश्य मनातून जात नाही. सकाळच्या पहिल्या रुग्णापूर्वीच त्यांनी पापण्यांवर लावायच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापून यंत्राच्या कडेला चिकटवून ठेवले होते. एक वृद्ध आजी आल्या, फार घाबरलेल्या होत्या. मास्क धरलेल्या डाव्या हाताची करंगळी आजींच्या जबड्याच्या कोनाखाली होती, उजव्या हाताने पिशवी धरली होती आणि सीआरएनए आजींना त्यांच्या नातवाचे नाव विचारत होत्या. नाव सांगता सांगता आजींचा आवाज विरला. सीआरएनएंनी पापणीच्या केसांना बोट लावून पाहिले आणि मग ते दोन तुकडे अलगद डोळ्यांवर लावले. पुढचे अडीच तास त्या टेबलाच्या डोक्याशीच होत्या. रक्तदाब घसरण्याआधीच त्यांचा हात औषधाकडे गेलेला मी ३ वेळा पाहिला. कसे कळले असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की शल्यविशारदांनी कोणते उपकरण मागितले ते ऐकले होते.

या वर्षी अर्ज करायचा नाही असे मी ठरवले आहे. पुढचे वर्ष याच आयसीयूमध्ये काढेन, त्यात अतिदक्षता परिचारिकांची सीसीआरएन परीक्षा देईन आणि पैशांसाठी आम्हीही रविवारी बसायला सुरुवात केली आहे. एकच प्रश्न उरतो. मुलाखतीत उत्तर आले नाही तर काय करावे?

शिरोभागी

"मला माहीत नाही" असे लगेच सांगावे आणि ते कुठे आणि कसे शोधाल तेही सांगावे. मी आता मुलाखती घ्यायला बसते. नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध शरीरातील कोणत्या रिसेप्टरवर काम करते हे न आलेल्या मुलीला आम्ही प्रवेश दिला आहे, कारण तिने ते स्पष्ट कबूल केले आणि रक्तदाब पडलेल्या रुग्णाजवळ ती आधी काय काय पाहील ते क्रमाने सांगितले. न येणारे उत्तर आत्मविश्वासाने रेटून देणाऱ्या एका हुशार मुलाला मात्र नाकारावे लागले. नळी टाकल्यावर त्याला कार्बन डायऑक्साइडचा आलेख सपाट दिसला असता तर त्याने ती नळी काढली असती का, याची आम्हा तिघांपैकी एकालाही खात्री वाटली नाही.